डावी बाजू

या कागदाच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक जाड तांबडी रेघ आहे. ती मालतीने, माझ्या बायकोने, ओढली आहे. ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची आणि मगच ओळ सुरू करायची, असा माझ्या लिहिण्यावाचण्याचा सध्याचा नियम आहे. रेघ नसली की मी पानाच्या मध्यापासून सुरुवात करतो आणि पान भरलं असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटतं.

हे लिहायला मला इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. हा आजार आपल्याकडे आता येऊ लागला आहे, ज्यांना होईल त्यांच्या हाती काहीतरी असावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, धीर देणारी माणसं पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. जे झालं ते सांगेन. ते म्हणाले, तेवढंच सांगा. रोज पाच-सहा ओळी होतात. मग डोकं जड होतं आणि मी पडून राहतो.

अर्धा फळा

मी धारच्या सरकारी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. घर देवासला. धारला एक खोली भाड्याने घेतली होती. शनिवारी बसने देवासला यायचो, सोमवारी पहाटे परत. दिवाळीनंतर डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी बारीक ताप यायचा, पॅन्ट कमरेला ढिली व्हायला लागली. मास्तर माणसाला डोकेदुखी म्हणजे पगाराबरोबर मिळालेली गोष्ट वाटते. मी गोळ्या घेत राहिलो.

मग एका सकाळी वर्गात लिहिता लिहिता मागून एक विद्यार्थी म्हणाला, "सर, बोर्ड आधा खाली है."

मी खाली पाहिलं. फरशीकडे.

वीस वर्षं मी हिंदीतून इंग्रजी शिकवत होतो. 'खाली' म्हणजे रिकामं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी तो शब्द माझ्या डोक्यात मराठी होऊन शिरला. वर्ग हसला. सरांनी विनोद केला असं त्यांना वाटलं, आणि मलाही तसंच वाटून घेणं सोयीचं होतं. फळ्याचा डावा अर्धा भाग कोरा होता. तो भाग आहे हेच मला कळलं नव्हतं.

दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याने विचारलं, की दाढी अर्धीच करायची ही नवी पद्धत का? मी आरशात पाहिलं. मला सगळं ठीक दिसलं. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये झटका येऊन पडलो. जीभ चावली गेली होती. धारच्या दवाखान्यात एक दिवस काढला आणि तिथून मला इंदूरला हलवलं. तो प्रवास मला आठवत नाही. मालती सांगते, की मी वाटभर "आई, आई" म्हणत होतो आणि सोबतची हिंदी नर्स प्रत्येक वेळी दाराकडे बघून विचारत होती, "कौन आई?"

एक विशेषण

पाठीतून पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले. मेंदूच्या उजव्या बाजूला क्षयाची गाठ निघाली. उजवा मेंदू डावीकडचं बघतो, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, तुमचे डोळे चांगले आहेत, फक्त डावीकडे बघायचं असतं हे तुम्ही विसरला आहात. मी म्हटलं, आमच्या घराला ती सवय जुनीच आहे. देवास पूर्वी दोन राज्यांचं गाव होतं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच रस्त्याची एक कड एका राजाची, दुसरी दुसऱ्याची. माझे वडील धाकट्या पातीकडे कारकून. समोरच्या कडेला काय चाललंय ते त्यांनी आयुष्यभर पाहून न पाहिल्यासारखं केलं. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्या रक्ताचा विचार करत होते.

त्यांनी विचारलं, कधी रक्त चढवलं होतं का? चढवलं होतं. तीन वर्षांपूर्वी धारजवळ नालछ्याच्या रस्त्यावर आमची बस उलटली. पोटात मार बसला आणि लांबच्या एका मोठ्या शहरातल्या खाजगी रुग्णालयात ऑपरेशन झालं. तिथे मला रक्ताच्या तीन बाटल्या लागल्या. रक्त विकणारे लोक तेव्हा बाहेरच बसलेले असत. कोणी कोणाचं काय तपासलं असेल, देव जाणे. देवालाही बहुधा कोणी विचारलं नसावं.

माझं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी दार लावून घेतलं, मालतीलाही बसायला सांगितलं आणि एक कागद पुढे धरून म्हणाले, "रिॲक्टिव्ह."

मला त्या कागदावरच्या ओळी लागत नव्हत्या, पण शब्द ऐकू आला. इंग्रजीच्या मास्तराला पहिली शंका आली ती व्याकरणाची. हे विशेषण आहे, मी म्हटलं, विशेष्य कुठे आहे? मग त्यांनी विशेष्य सांगितलं. एड्स करणारा विषाणू. क्षय डोक्यापर्यंत पोचला तो त्याच्यामुळे. शरीराचं दार उघडं राहिलं आणि जो तो आत आला. क्षयावर औषध आहे, दीड वर्ष घ्यावं लागेल. दुसऱ्यावर आज तरी नाही.

त्या रोगाबद्दल मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. आपल्या संस्कृतीत असलं काही होणं शक्य नाही, असं एका विद्वानाने ठामपणे लिहिलं होतं. माझ्या रक्ताने तो लेख वाचला नसावा.

डॉक्टर मालतीकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, की तिचंही रक्त तपासावं लागेल. अपघाताला तीन वर्षं झाली होती आणि आम्ही नवराबायको होतो, याहून जास्त खुलासा त्यांनी केला नाही. करायची गरज नव्हती. तिने लगेच बाही वर केली.

त्या क्षणापासून माझा आजार मला दुय्यम झाला. मोठ्या मनामुळे असं झालं म्हणावं तर ते खरं नव्हे. माझं काय ते ठरलं होतं. तिचं ठरायचं होतं, आणि ठरवणारा मी होतो. म्हणजे माझं शरीर.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस एकाला दुसरा चिकटलेला असे होते. सकाळी कमरेत सुई, मग मूठभर गोळ्या, मग ओकारी, मग चहा. लघवी तांबडी व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरलो, नंतर तो गोळ्यांचा रंग आहे असं कळलं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आधी कोणी सांगत नाही.

माझ्या खाटेला एक पाटी लटकवली. त्यानंतर झाडणारा माणूस तीन खाटा अलीकडे थांबायला लागला. जेवण देणारा ताटली उंबऱ्यावर ठेवून जायचा. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना कोणी काही समजावलं नव्हतं, फक्त पाटी दिली होती. वॉर्डात केरळची एक सिस्टर होती. तिने पहिल्याच दिवशी हातमोजे न घालता माझी नाडी पाहिली. मालतीने डिंकाचे लाडू आणले होते, त्यातला एक मी तिला माझ्या हाताने दिला. तिने तो माझ्या खाटेवर बसून खाल्ला आणि विचारलं, की गूळ आहे का साखर. आयुष्यात मला पुष्कळ मानपत्रं ऐकावी लागली, एकदोन माझीही होती. त्या लाडवाची सर एकालाही नाही.

एके दिवशी वॉर्डाच्या नव्या भागाचं उद्घाटन होतं. पांढऱ्या चादरी आल्या, फुलांच्या कुंड्या आल्या, माझ्यासारख्यांना मागच्या व्हरांड्यात नेलं. तिथून कमान दिसत होती. मी मालतीला म्हटलं, मुख्यमंत्री स्वतः येतायत. ती म्हणाली, "उपमुख्यमंत्री लिहिलंय." माझ्या वाचनात त्या महिन्यात बऱ्याच जणांना बढती मिळाली. 'दवाखाना' मला नुसता 'खाना' दिसायचा. संध्याकाळी चादरी मोजून परत नेल्या.

ताट

अडीच महिन्यांनी देवासला घरी आलो. शैलाला, आमच्या मुलीला, मेंदूचा टीबी एवढंच सांगितलं होतं. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. आता तिला सगळं माहीत आहे, म्हणून हे लिहितोय. तेव्हा आम्ही खोटं बोललो. शेजारच्यांनाही तेच सांगितलं, आणि तेवढंच पुरेसं झालं. आमचे शेजारी मूळचे नाशिकचे, नोटांच्या छापखान्यात नोकरीला. दहा वर्षांत माळव्याने त्यांना पुरते आपलेसे केले होते. समाचाराला आले ते दाराशीच बसले. मी आत बोलावलं तर म्हणाले, "यहीं ठीक है भिया, हवा आती है." हिवाळा होता.

पहिल्याच जेवणाला मालतीने पान वाढलं. मी सगळं संपवून भात मागितला. ती ताटाकडे बघत राहिली.

"डावी बाजू तशीच आहे," ती म्हणाली.

आमच्याकडे ताट वाढायचा क्रम ठरलेला. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. डावी बाजू कशी आहे यावरून बायका एकमेकींचा स्वयंपाक जोखतात. मी चटणीचा भक्त. तिने ओल्या नारळाची चटणी केली होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, की आजारी माणसाला साधी चटणीसुद्धा देत नाहीत.

तिने ताट अर्धं फिरवलं. चटणी उगवली.

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. या आजारात दोन्ही फार जवळजवळ राहतात. त्या दिवसापासून प्रत्येक जेवणात मध्येच ताट फिरवायचं, असं ठरलं. ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की तो मुद्दाम टाकत नाही. ताट फिरवा.

पाकीट

घरी आल्यावर तीन आठवड्यांनी पोस्टाने पाकीट आलं. मालतीच्या रक्ताचा कागद. तिची पहिली बाटली वाटेतच फुटली होती, म्हणून इंदूरहून निघताना पुन्हा रक्त घेतलं होतं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती, की पुढच्या तपासणीला हा घेऊन या. पुढची तपासणी दीड महिन्याने.

कागद इंग्रजीत. मालती मराठी मॅट्रिक. इंग्रजी अक्षरं तिला ओळखता येतात, शब्द लागत नाहीत. शैलाला लागले असते, पण शैलाला दाखवणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, आपण उद्याच इंदूरला जाऊ. नाहीतर इथल्या एखाद्या डॉक्टरकडून वाचून घेऊ.

"परक्याच्या तोंडून मला ऐकायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाचा."

"मला वाचता येत नाही, मालती."

"येईल."

तिने पाकीट देवघराच्या कप्प्यात ठेवलं आणि शैलाचं पहिलीचं मराठी पुस्तक ट्रंकेतून काढलं. डावीकडे काहीतरी भडक ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. तिने तांबडी पेन्सिल घेऊन पानापानाला कडेने रेघ ओढली. रोज दुपारी जेवणानंतर आम्ही बसायचो. "रेघ दिसली?" ती विचारायची. दिसली म्हटलं, की पुढे. एम. ए. झालेला माणूस कमळ आणि बदक वाचत होता. 'कमळ' हे 'मळ' आहे म्हणून मी एकदा तिच्याशी भांडलोसुद्धा.

शैला येताजाता ऐकायची. तिचं शिक्षण सगळं हिंदीत. घरात मराठी बोलते, पण व्याकरण तिच्या मर्जीवर चालतं. कधी वर्तमानपत्र ठेवून म्हणायची, "बाबा, मी पेपर वाचली. उसमें कुछ नहीं है." मी लहानपणापासून तिला सांगत आलोय, वाचली नाही, वाचला. पेपर वाचला, पुस्तक वाचलं. 'मी वाचली' म्हणजे मरता मरता राहिली. ती म्हणायची, "एक ही बात है." तिच्यापुढे मी कधीच हार मानली नव्हती. आता तीच माझ्या शेजारी बसून म्हणायची, "बाबा, मळ नाही, कमळ."

महिनाभराने मराठी लागायला लागलं, मग इंग्रजीही. मालती रोज संध्याकाळी एकदा देवघराकडे बघायची. विचारायची नाही.

आठ दिवस

एका मंगळवारी ती माताजीच्या टेकरीवर गेली होती. शैला कॉलेजात. मी देवघराचा कप्पा उघडला.

पाकिटात दोन कागद होते, एक माझा जुना, मालतीने त्यातच ठेवलेला, आणि एक तिचा. वर छापलेलं नाव, खाली शिक्का, खरडलेली सही. सरकारी कागदाला महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगायची सवय असते. शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तीनही वेळा तिथे एकच शब्द होता. रिॲक्टिव्ह.

मी कागद जसे होते तसे ठेवले आणि खाटेवर जाऊन पडलो. ती आली, तिने प्रसाद दिला, तो मी खाल्ला. दुपारी पुस्तक उघडल्यावर म्हणालो, की आज अक्षरं हलतायत. दुसऱ्या दिवशीही हलली. आठ दिवस मी अक्षरं हलवत ठेवली.

त्या आठ दिवसांबद्दल खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या निदानाच्या दिवशी मी इतका भ्यालो नव्हतो. ती भाजी निवडत असली की मी तिच्या हातांकडे बघायचो. ती खोकली की मोजायचो. मी वाचलं नाही तर ते झालं नाही, असं काहीतरी पोरकट मनात धरून बसलो होतो. आणि थकलो होतो. भीतीचाही कंटाळा येतो, हे कोणी लिहीत नाही.

नवव्या दिवशी जेवणं झाल्यावर ती पुस्तकाऐवजी पाकीट घेऊन आली.

"तुम्ही हे वाचलंय," ती म्हणाली.

मी नाही म्हटलं.

"आठ दिवसांत मला सहा वेळा म्हणालात, जरा बस. तेवीस वर्षांत एकदा म्हणाला नव्हतात."

ती समोर बसली.

"वाईट आहे ना? मला माहीत आहे. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेत. तुमच्या शेवटच्या ओळीत आठ अक्षरं आहेत. माझ्यात अकरा." तिने पाकिटावर बोट ठेवलं. "तुमच्यापेक्षा जास्तच काहीतरी आहे."

"अकरा नाहीत," मी म्हटलं. "आठच आहेत. शब्द तोच आहे."

"अकरा आहेत. मी कितीदा मोजलीत. डाव्या बाजूला तीन जास्त आहेत."

मग तिने फडताळातून तांबडी पेन्सिल आणली. इतके दिवस त्या कागदावर रेघ ओढायचं तिच्या मनातही आलं नव्हतं, सरकारचा कागद म्हणून. आता तिने शिक्क्याच्या शेजारून, वरपासून खालपर्यंत, जाड रेघ ओढली. टोक मोडलं, तशीच ओढली.

"रेघ दिसली?" तिने विचारलं.

मान वळवायला मला वेळ लागला. रेघ दिसली. रेघेला लागून तीन अक्षरं होती. एन, ओ, एन.

मी ती मोठ्याने वाचली, मग पुढचा शब्द वाचला, मग सगळं एकत्र. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला त्या शब्दाचा अर्थ कळणार नव्हता आणि मला मराठी शब्द सापडत नव्हता. शेवटी जो सापडला तो बोललो.

"तू वाचलीस," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून शैलाचा आवाज आला. भांडी घासता घासता तिने एवढंच ऐकलं होतं, आणि अशी संधी तिला जन्मात मिळाली नव्हती. "बाबा, वाचलीस नाही. वाचलंस!"

"नाही," मी म्हटलं. "या वेळी हेच बरोबर आहे."

मालतीने पदर तोंडाला लावला. मी पाकिटातला दुसरा कागद काढला, माझा. तिच्या हातातली मोडकी पेन्सिल घेऊन त्याच्या कडेला मीच एक वाकडी रेघ ओढली, मान पूर्ण डावीकडे वळवली आणि शेवटची ओळ वाचली. रेघ आणि शब्द यांच्यामध्ये काही राहून गेलेलं नव्हतं.

"काय आहे?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "आठच आहेत."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, दोन्ही एकावर एक ठेवले, घडी घातली आणि गोळ्यांची वेळ झाली म्हणून पाणी आणायला उठली. पेला तिने माझ्या डाव्या हाताला ठेवला. सध्या ती सगळं तिकडेच ठेवते. मी शोधतो.